मागे राहिलेल्यांची चौकशी

मी संख्याशास्त्राची माणूस. सार्वजनिक आरोग्य विभागात रोगांचे आकडे मांडणं हा माझा धंदा. त्यामुळे आमच्या विद्यापीठाला आफ्रिकाना स्टडीज विभागासाठी ज्येष्ठ प्राध्यापक नेमायचे होते आणि त्या निवड समितीत माझं नाव आलं, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. कारण तसं साधं होतं. नियमाप्रमाणे समितीत एक सदस्य दुसऱ्या विभागातला लागतो. आफ्रिकाना विभागाच्या प्रमुखांची आणि माझी ओळख एका 14 एप्रिलच्या कार्यक्रमात झाली होती. डॉ. आंबेडकरांनी 1946 साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रावर ते तिथं बोलले होते. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना लातूरच्या जनार्दन वाघमाऱ्यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या पुस्तकाबद्दल सांगितलं. मराठवाड्यात बसून कुणी हा विषय मराठीत मांडला, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. पुस्तकाचं नाव त्यांनी वहीत उतरवून घेतलं, आणि बहुधा माझंही.

फिलाडेल्फियात विद्यापीठं पुष्कळ आहेत. आमचं कोणतं ते सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल दोन-चार कडू गोष्टी येणार आहेत. शिवाय मला बोलायचंय ते विद्यापीठाबद्दल नाहीच. ज्या कॉलेजची पायरी कधी चढल्या नाहीत अशा एका म्हाताऱ्या बाईंचं आणि त्यांच्यामुळे भेटलेल्या एका प्राध्यापिकेचं माझ्यावर देणं आहे, ते मांडायचंय.

आधी विषयाबद्दल थोडं. आफ्रिका आणि आफ्रिकेतून जगभर गेलेली, बहुतेक करून नेली गेलेली माणसं, त्यांचा इतिहास, समाज, साहित्य यांचा अभ्यास म्हणजे आफ्रिकाना स्टडीज. अमेरिकी विद्यापीठांनी तो आपणहून सुरू केला नाही. 1968च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो पुढच्या मार्चपर्यंत ताणला, तेव्हा कुठे तिथला विभाग उभा राहिला. 1969च्या एप्रिलमध्ये कॉर्नेलच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉलचा ताबा घेतला, आणि त्याच वर्षी तिथं केंद्र निघालं. ‘आफ्रिकाना’ हे नाव रूढ केलं ते त्या केंद्राचे पहिले संचालक जेम्स टर्नर यांनी. या क्षेत्रातला देशातला पहिला पीएच.डी. अभ्यासक्रम आमच्याच शहरात, टेम्पल विद्यापीठात, 1988 साली सुरू झाला. त्या चळवळीच्या मागण्यांत एक मागणी हटकून असायची : इथं जे शिकवाल त्याचा आमच्या वस्तीला उपयोग झाला पाहिजे. आजच्या जाहिरातीत ‘समाजाच्या सोबतीनं केलेलं संशोधन’ असे शब्द दिसले की काहींना ती नवी टूम वाटते. देणं पन्नास वर्षांपूर्वीचं आहे.

फिलाडेल्फियापुरतं बोलायचं तर त्याहूनही जुनं. 1896 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं ड्यू बॉइस यांना शहराच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीयांची पाहणी करायला बोलावलं. हार्वर्डची पीएच.डी. त्यांनी आदल्याच वर्षी घेतली होती. हुद्दा दिला असिस्टंटचा, पगार वर्षाला 900 डॉलर. नव्या नवरीला घेऊन ते त्याच वस्तीत, लोम्बार्ड रस्त्यावर, एका खोलीत राहिले आणि घरोघर स्वतः फिरले. वॉर्डात साडेनऊ हजारांवर कृष्णवर्णीय होते. ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ 1899 साली प्रसिद्ध झालं. माझ्या धंद्यातल्या माणसानं ते जरूर उघडून पाहावं. एकेका घराचा रंगवलेला नकाशा, वयाचे, कामधंद्याचे, भाड्याचे तक्ते, आणि आपले आकडे कुठे कच्चे पडतात हे सांगण्याचा सरळपणा. एवढं करूनही विद्यापीठानं त्यांच्या हाती शिकवायला एक वर्ग दिला नाही. 2012 साली त्याच विद्यापीठानं त्यांना मानद एमेरिटस प्राध्यापक केलं. तोवर त्यांना जाऊन एकोणपन्नास वर्षं झाली होती. समितीच्या पहिल्या बैठकीत विभागप्रमुखांनी ही हकीकत सांगितली आणि म्हणाले, “आपण जरा लवकर आटपू.”

ज्येष्ठ माणूस नेमण्याची रीत नवख्याला नेमण्याहून निराळी असते. नवखे अर्ज करतात, ज्येष्ठांना हेरावं लागतं. त्यांच्याकडे नोकरी असते, टेन्युअर म्हणजे त्या नोकरीची कायमची हमी असते, जोडीदाराची नोकरी असते, मुलं शाळेत रुळलेली असतात. आपण दुसरीकडे बघतोय ही बातमी फुटली तर राहत्या ठिकाणी अवघड होतं, म्हणून सगळं दबक्या आवाजात चालतं. मार्चमध्ये नॅशनल कौन्सिल फॉर ब्लॅक स्टडीजचं अधिवेशन भरतं. तिथं कॉफीच्या रांगेत उभ्या उभ्या जेवढी माहिती मिळते तेवढी शंभर शिफारसपत्रांत मिळत नाही. आमच्याकडे अर्ज आले, पण अंतिम यादीतली बहुतेक नावं फोनवरूनच जमली होती.

विभागप्रमुखांची एक अट होती. समितीत वस्तीतलं एक माणूस हवं, पूर्ण सदस्य म्हणून. मनुष्यबळ विभागानं हात वर केले. जे आपले कर्मचारी नाहीत त्यांनी गोपनीय अर्ज वाचायचे कसे? एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत इमेल फिरत राहिले. अखेर गोपनीयतेच्या कागदावर सही घेऊन आणि थोडं मानधन ठरवून वाट काढली गेली. मानधनाचा आकडा बघून त्या बाई म्हणाल्या, “यात माझं पार्किंग निघेल.”

त्यांना सगळे मदर म्हणत. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वडीलधाऱ्या बायकांना हा मान असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पांढरा पोशाख, पांढरी हॅट घालून पुढच्या बाकावर बसतात, आणि पाद्रीसुद्धा त्यांच्याकडे एक नजर टाकून मगच प्रवचन लांबवतो. या मदर साउथ कॅरोलायनात जन्मल्या, लहानपणी आईबरोबर रेल्वेनं उत्तरेला आल्या. सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात केली. त्यांचं पहिलं घर वेस्ट फिलाडेल्फियाच्या ब्लॅक बॉटम भागात होतं. 1960च्या दशकात ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली तो भाग पाडला गेला, हजारोंना उठवलं, आणि विज्ञान केंद्राच्या इमारती आल्या. त्या योजनेमागे आसपासची विद्यापीठं आणि इस्पितळं एकत्र येऊन उभी होती. उठवले गेलेले लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं अजूनही ऑगस्टअखेर फेअरमाउंट पार्कात जमतात, जेवतात, जुन्या गल्ल्यांची नावं घेतात.

विद्यापीठांबद्दल वस्तीत जी अढी आहे ती केवळ जुनी नाही. 13 मे 1985 रोजी पोलिसांनी ओसेज ॲव्हेन्यूवरच्या ‘मूव्ह’ या कृष्णवर्णीय गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. अकरा माणसं मेली, त्यांत पाच मुलं. आग विझवायला उशीर झाला आणि 61 घरं जळाली. 2021 साली उघडकीला आलं, की त्यांतल्या एका मुलीचे मानले जाणारे अवशेष पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पेन म्युझियमकडे राहिले होते आणि एका ऑनलाइन अभ्यासक्रमात ते दाखवलेही गेले होते. मदरच्या शेजारणीची भाची त्या आगीत बेघर झाली होती. असं सगळं पाठीशी असताना त्या समितीच्या टेबलाशी येऊन बसल्या, पर्समधून चष्मा काढला आणि विचारलं, “सुरुवात कुठून करतात?”

आम्ही सुरुवात प्रकाशनांच्या यादीपासून करत होतो. किती पुस्तकं, कोणत्या विद्यापीठाच्या छापखान्याची, किती लेख, कुणी उद्धृत केले. मदरनी पुस्तकं मागवली आणि आभाराचं पान काढलं. त्या फक्त तेच पान वाचत. ज्यांच्या घरी जाऊन, ज्यांच्या ओसरीवर बसून हे लिहिलं, त्यांची नावं आहेत का? नाव आणि आडनाव दोन्ही आहेत का, की नुसतं ‘तिथल्या रहिवाशांचे आभार’? दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात ज्यांचे आभार मानलेत, ती माणसं नंतरच्या लिखाणात पुन्हा दिसतात का? एका फार नावाजलेल्या उमेदवाराच्या तीन पुस्तकांत तीन वेगवेगळी शहरं होती आणि एकाही माणसाचं नाव दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. मदरनी पुस्तक मिटून बाजूला सारलं. “हा गृहस्थ जेवून भांडं न विसळता उठतो,” म्हणाल्या. इतिहासाच्या एका सहकाऱ्याला ते फार लागलं. त्यानं अर्धा तास त्या उमेदवाराची बाजू मांडली, आणि बाजू खरोखरच भक्कम होती. ग्रंथ मोठे होते, यात वाद नाही. पण मी माझ्यापुरतं सांगते, त्या दिवसापासून कुणाचाही शोधनिबंध हाती आला की मी आधी शेवटचं पान उलटते.

ज्या प्राध्यापिकेची शेवटी निवड झाली तिच्या कागदांत पुस्तक एकच होतं, तेही जुनं. बाकी अहवाल, वारसांचे नकाशे, एका जिल्हा नोंदणी कार्यालयातल्या जुन्या खरेदीखतांची सूची, आणि शेतकऱ्यांच्या एका संघाबरोबर संयुक्त नावानं लिहिलेले लेख. ती जॉर्जियाच्या किनारपट्टीवर कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जमिनीवर काम करत होती.

हे प्रकरण मराठी वाचकाला चटकन कळेल. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी पै-पै साठवून जमिनी घेतल्या. 1910च्या सुमारास त्यांच्या मालकीची सुमारे दीड कोटी एकर शेतजमीन होती. पुढच्या शतकात तिच्यातली बहुतेक गेली. दंडुकेशाही, कर्ज नाकारणं, सरकारी खात्यांचा पक्षपात, ही कारणं आहेतच. पण एक कारण कागदाचं आहे. मृत्युपत्र नसायचं, वकिलावर आणि कोर्टावर विश्वास नसायचा, आजोबा गेले की जमीन सगळ्या मुलांची, ती गेली की सगळ्या नातवंडांची, असं न वाटता चालत राहायचं. याला तिकडे ‘हेअर्स प्रॉपर्टी’ म्हणतात. चौथ्या पिढीला एका तुकड्याचे साठ-सत्तर मालक होतात. त्यांतल्या कुणाही एकाला, त्याचा वाटा शंभरावा हिस्सा असला तरी, कोर्टात वाटणी मागता येते. जमीन वाटण्याजोगी नसेल तर कोर्ट सबंध तुकडा लिलावात काढू शकतं. मग बिल्डर काय करतो? गावातल्या वारसांकडे तो जातच नाही. दूरच्या शहरात राहणारा, गाव कधी न पाहिलेला एखादा चुलतनातू शोधतो, त्याचा वाटा चार पैशांत घेतो आणि स्वतः सहमालक म्हणून वाटणीचा दावा ठोकतो. लिलावात बोली लावायला त्याच्याशिवाय कुणाकडे रोकड नसते. किनाऱ्यावरच्या जमिनींना रिसॉर्ट आणि गोल्फ मैदानांमुळे भाव आला तेव्हा हा खेळ फार चालला. 2010 साली एक नमुना कायदा तयार झाला. तो लिहिण्यात थॉमस मिचेल या कायद्याच्या प्राध्यापकाचा मोठा वाटा होता, आणि 2020 साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्या कायद्यानं इतर वारसांना आधी विकत घेण्याचा हक्क दिला, किंमत निष्पक्ष ठरवण्याची अट घातली. जॉर्जियानं तो 2012 साली स्वीकारला. पण कायदा असणं आणि आपण वारस आहोत हे कागदावर दाखवता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि आमच्या उमेदवाराचं सगळं काम त्या अंतरात होतं.

समितीत माझा उपयोग झाला तो इथं. ‘हे अहवाल म्हणजे संशोधन नव्हे, समाजकार्य आहे,’ असा सूर निघाला तेव्हा मी परिशिष्टं वाचून नेली होती. गावात राहिलेल्या वारसांपर्यंत पोचणं सोपं, बाहेर गेलेल्यांपर्यंत पोचणं कठीण. त्यामुळे कोणतीही पाहणी गावाकडे झुकते. तिनं हे ओळखून चर्चच्या जुन्या नोंदवह्या, मयताच्या कार्यक्रमपत्रिका आणि कुटुंबांच्या मेळाव्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून बाहेर गेलेल्यांचा अंदाज बांधला होता, आणि तो किती चुकू शकतो तेही लिहिलं होतं. कृष्णवर्णीयांच्या अंत्यविधीत वाटल्या जाणाऱ्या पत्रिकेत मागे राहिलेल्या सगळ्या नातेवाइकांची नावं आणि गावं छापलेली असतात. हा आधार कुठल्याही जनगणनेत मिळाला नसता. मी म्हटलं, माझ्या विभागात कुणी हे केलं असतं तर त्याला बढती मिळाली असती. अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 सालीच विद्वत्तेची व्याख्या रुंद करा असं लिहून ठेवलंय, त्यानंतर अहवालांवर अहवाल निघालेत, तरी टेन्युअरच्या टेबलावर प्रत्येक वेळी पहिल्यापासून भांडावं लागतं.

मतं तिच्याकडे झुकत होती आणि मदरनी विचारलं, “ही बाई इकडे आली तर तिकडच्या लोकांचं काय?”

टेबलाशी कुणी काही बोलेना. आमच्या गुणांकन तक्त्यात या प्रश्नाचा रकाना नव्हता. वस्तीशी बांधलेलं माणूस हवं म्हणून जाहिरात द्यायची, आणि ज्या वस्तीशी ते बांधलेलं आहे तिथून त्याला सोडवून आणायचं, हा त्यातला पेच इतके दिवस कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. पगार वाढवून, घराची सोय करून आपण कुठल्या तरी गावाचं माणूस नेतोय. मदर पुढे म्हणाल्या, “आमचे तरुण डॉक्टर, आमचे तरुण पाद्री असेच जातात. चांगल्या कारणासाठीच जातात.”

उमेदवाराचं व्याख्यान कॅम्पसवर न घेता बावन्नाव्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात घ्यायचं, हाही मदरचाच हट्ट. डीनच्या कार्यालयातून कुणी आलं नाही, पण खोली भरली. मागच्या टेबलावर कुणीतरी बीन पाय ठेवले होते, बारीक पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा गोड पदार्थ, इथल्या कृष्णवर्णीय मुस्लिमांची खासियत. प्राध्यापिकेनं एका कुटुंबाची वंशावळ पडद्यावर दाखवली आणि मग त्याच कुटुंबाचे हयात वारस नकाशावर ठिपक्यांनी दाखवले. जॉर्जियात ठिपके विरळ होते. दाट होते ते न्यूयॉर्कला, बाल्टिमोरला आणि फिलाडेल्फियाला. मग तिनं आमच्या शहराचं बोलणं काढलं. मेलेल्या माणसांच्या नावावर राहिलेली घरं इथंही आहेत. प्यू या अभ्याससंस्थेनं 2021 साली मोजली तर दहा हजारांवर भरली, किंमत एक अब्ज डॉलरहून जास्त. खत आजीच्या नावावर आहे म्हणून छप्पर दुरुस्तीचं अनुदान मिळत नाही, विमा मिळत नाही, कराची सवलत मिळत नाही, आणि एक दिवस खोट्या सहीनं कुणी घरच विकून टाकतं. “दक्षिणेतली जमीन आणि इथलं घर,” ती म्हणाली, “बऱ्याचदा एकाच कुटुंबाचं असतं.”

प्रश्नोत्तरांत मदर उठल्या. पर्समधून एक पाकीट काढलं. साउथ कॅरोलायनातल्या कुठल्याशा कंपनीच्या वकिलाचं पत्र होतं. मदरच्या आजोबांच्या जमिनीतल्या त्यांच्या वाट्याबद्दल एक चेक देऊ केला होता, सही करून पाठवा म्हणून. पत्र कधीचं पर्समध्ये होतं. आम्हा कुणाला त्यांनी ते दाखवलं नव्हतं. प्राध्यापिकेनं ते उभ्यानंच वाचलं आणि म्हणाली, “मदर, मी वकील नाही. सही करू नका एवढं सांगते, आणि आज रात्री तुम्हाला वकिलाचं नाव देते. तिकडे तुमचं कोण राहतं?” मदरनी नावं सांगितली. मग त्या दोघी पाऊण तास त्या नावांवर बोलत राहिल्या. बाकीचे बीन पाय खाऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मदर समितीत म्हणाल्या, की तिला बोलवायला हरकत नाही, कारण निम्मे वारस इथंच आहेत. विभागप्रमुखांना हायसं वाटलं. पण मदरचं तेवढ्यावर भागेना. “हे माझं झालं. तिकडच्यांना विचारलंत?”

म्हणून जॉर्जियातल्या त्या शेतकरी संघाच्या सचिवांना फोन लावला. सहसा असं कुणी करत नाही. उमेदवाराची परवानगी घ्यावी लागली, आणि तिनं ती लगेच दिली, जणू वाटच बघत होती. सचिव शांतपणे म्हणाले, की आम्ही तिला जा म्हणणार नाही आणि थांब म्हणणार नाही, ती मोठी बाई आहे. मग म्हणाले, “तुम्ही तिला पगार देणार, ठीक. पंधरा वर्षं आमच्या लोकांनी तिला कागद दाखवले, जेवू घातलं, ओळखी करून दिल्या. त्याचं तुम्ही काय देणार?” स्पीकर चालू होता. डीनच्या प्रतिनिधीनं टिपणवहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

वाटाघाटीत प्राध्यापिकेनं स्वतःच्या पगाराबद्दल फार घासाघीस केली नाही, आणि त्यामुळे आमचे लोक जास्तच गोंधळले. तिच्या अटी वेगळ्या होत्या. खतांची सूची आणि वंशावळी संघाच्या मालकीच्या राहतील, विद्यापीठाच्या संग्रहात येणार नाहीत. उन्हाळा ती तिकडे घालवील. आणि कामाच्या प्रारंभी मिळणाऱ्या निधीतून संघाच्या एका पगारी कार्यकर्त्याचा तीन वर्षांचा खर्च दिला जाईल. शेवटच्या अटीवर घोडं अडलं. हा निधी बाहेरच्या संस्थेला देता येत नाही म्हणे. मला आजही या उत्तराचा राग येतो. जीवशास्त्रज्ञ आणतात तेव्हा त्याचे उंदीर, त्याचे फ्रीझर आणि त्याचे दोन संशोधक असा ट्रक भरून येतो, आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. मी एक लांबलचक टिपण लिहिलं : ही माहिती जिवंत आहे, दर मृत्यूबरोबर आणि दर जन्माबरोबर ती बदलते, ती अद्ययावत ठेवणारं माणूस तिकडे नसेल तर दोन वर्षांत तिचा संशोधनाला उपयोग उरणार नाही, म्हणून हा खर्च प्रयोगशाळेचा धरावा. ‘प्रयोगशाळा’ हा शब्द आल्यावर फाइल हलली. तीन वर्षांची दोन झाली, देणगीऐवजी उपकरार झाला, पण पैसे गेले.

टेन्युअरसाठीच्या बाहेरच्या पत्रांवरूनही असंच झालं. पत्रं लिहिणारे उमेदवाराच्या जवळचे नकोत, हा नियम. संघाच्या लोकांचं मत त्यामुळे बाद. पण तिचं काम खरं आहे की नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? शेवटी विद्वानांची पत्रं एका विभागात आणि संघाची दोन पत्रं दुसऱ्या विभागात, ‘पूरक’ असं लेबल लावून. प्रोव्होस्टच्या, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुखाच्या, कार्यालयातल्या एका माणसानं नंतर मला जिन्यात सांगितलं, की वरच्या समितीत चर्चा झाली ती त्या पूरक पत्रांवरच.

आता माझं. ही सगळी धावपळ चालू असताना भावानं व्हॉट्सॲपवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता. औसा तालुक्यात वडिलांची शेती आहे. ते गेल्यावर वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं चढली. 2005च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलाइतकाच, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बहिणींनी सही करून मोकळं व्हायचं असतं हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मला जमीन नको होती. सही करायला माझी काहीच हरकत नव्हती, आणि ती करणं चांगुलपणाचंच वाटत होतं.

बैठक सुटल्यावर मी मदरना घरी सोडायला जायची. एकदा गाडीत मी हे सहज सांगितलं. त्यांनी विचारलं, “जमीन कसतं कोण?” म्हटलं, भाऊ आणि ताई. ताई नवरा गेल्यापासून माहेरी असते, खुरपणीपासून सोयाबीनच्या राशीपर्यंत सगळं करते. “आणि कागद कुणाच्या नावे होणार?” भावाच्या. ताईची सही त्यानं आधीच घेऊन ठेवली होती, नोंदणी व्हायची होती. मदर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बेबी, माझ्या आईनंही अशीच सही केली होती. प्रेमानं केली होती.” पुढे काही बोलल्या नाहीत. उपदेश करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, निदान गाडीत तरी.

मी प्राध्यापिकेला विचारलं. तेव्हा ती नुकतीच इकडे राहायला आली होती, घरात खोकी तशीच होती. भारतातला कायदा तिला माहीत नव्हता आणि तसं तिनं स्पष्ट सांगितलं. पण दूर गेलेल्या वारसाचा वाटा हीच फट असते, ती बुजवायची असेल तर जमीन जो राखतो त्याच्या नावे बुजव, एवढं ती बोलली. मी लातूरच्या वकिलाला फोन केला. न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून आणलं, आणि माझा हिस्सा बक्षीसपत्रानं ताईच्या नावे केला. ताईनं तिची सही मागे घेतली. भाऊ रागावला. दिवाळीपर्यंत फोन केला नाही. त्याचंही अगदी चुकलं असं मी म्हणणार नाही, कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. पण त्या हंगामाचा पीकविमा ताईला स्वतःच्या नावावर मिळाला. तिनं फोनवर विचारलं, “ती म्हातारी कोण गं? तिला काय आवडतं?” मग काळ्या मसाल्याचा डबा आला. मदरनी तो कॉलर्ड ग्रीन्सच्या पालेभाजीत घातला आणि चर्चमध्ये कुणालाही पाककृती सांगितली नाही.

मदरच्या स्वतःच्या जमिनीचा दावा अजून चालू आहे. साउथ कॅरोलायनात नवा कायदा 2016 साली आला, त्याचा आधार आहे. चुलतभावंडं शोधली जातायत, त्यांतली काही वेस्ट फिलाडेल्फियातच, चार गल्ल्या पलीकडे निघाली. प्राध्यापिका महिन्यातून एकदा वाचनालयात घराच्या कागदांची मदत करणारी बैठक घेते, दोन वकील येतात, विद्यार्थी खतं शोधून देतात. मी वंशावळींचे तक्ते ठेवते. जॉर्जियाच्या संघाचा कार्यकर्ता ऑगस्टमध्ये येऊन जातो. दोन वर्षांचा करार संपत आला आहे आणि तो वाढवायचा की नाही यावर इमेल पुन्हा सुरू झाले आहेत. ‘प्रयोगशाळा’ असलेलं माझं जुनं टिपण मी पुन्हा काढून ठेवलंय.

यंदा विभागाला आणखी एक जागा मंजूर झाली. विभागप्रमुखांनी मदरना पुन्हा समितीवर यायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या, पण मानधन तिप्पट मागितलं, आणि पार्किंग वेगळं. मनुष्यबळ विभाग म्हणतोय बसत नाही. मी आणि विभागप्रमुख मंगळवारी त्यांच्याकडे जाणार आहोत.